प्रश्न विचारणाऱ्याची बाजू

बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात २०१३ साली एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे काचेच्या पेटीत एक ज्यू व्यक्ती बसायची आणि आलेल्या-गेलेल्यांनी तिला मनात येईल ते विचारायचं. काहींना ही कल्पना धीट वाटली, काहींना संताप आला. ज्या देशाने ज्यूंना हुडकून हुडकून मारलं, तिथेच त्यांना पुन्हा काचेआड मांडायचं? संताप रास्तच होता. पण संग्रहालयाची अडचणही खोटी नव्हती. आठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या जर्मनीत ज्यू समाजसंस्थांच्या सभासदांची संख्या एक लाखाच्याही आत आहे. बहुतेकांना ज्यू माणूस भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात, छळछावणीच्या धड्यात, मेलेला.

या अडचणीतून एक वेगळी वाट त्याआधीच निघाली होती. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली ‘लिक्रात’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो जर्मनी, ऑस्ट्रियातही पोचला. त्यात ज्यू समाजातली दहावी-बारावीच्या वयाची मुलंमुली प्रशिक्षण घेतात आणि आपल्याच वयाच्या मुलांच्या वर्गात जाऊन बोलतात. अमेरिकेत सेंट लुईस शहरात तर असं काम १९९२ पासून चालू आहे. तिथली मुलं ज्या शाळांत ज्यू विद्यार्थी जवळपास नाहीतच अशा शाळांत जातात. सोबत शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, वेणीसारखा गुंफलेला पाव, मेंढ्याच्या शिंगाचा शोफार अशी चीजवस्तू असते. पाव खात खात चर्चा होते, हे मला विशेष आवडलं.

प्रश्न कसे असतात? डोक्यावरची ती टोपी पडत कशी नाही, इथपासून ज्यूंना कर माफ असतो का, इथपर्यंत. हा करमाफीचा समज जर्मनीत फार चिवट आहे. तिथल्या शाळांच्या पटांगणात ‘ज्यू’ हा शब्द शिवी म्हणूनही ऐकू येतो; ती हासडणाऱ्या पोराला बऱ्याचदा एकही ज्यू माहीत नसतो. आणि गाझाचा प्रश्न येणारच. ज्याला अजून मतदानाचा अधिकार नाही, त्याच्याकडे एका परक्या देशाच्या सरकारचा जाब मागितला जातो.

इथे मन अडतं. ज्याच्यावर संशय घेतला जातो, त्यानेच पुढे येऊन ‘मी तुमच्यासारखाच आहे’ असं समजावत बसायचं, हा कुठला न्याय? समाजाने करायचं काम सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर का? या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तरी या उपक्रमांच्या बांधणीत एक शहाणपण आहे. मुलं आपखुशीने येतात, दुसऱ्याच्या वर्गात पाहुणी म्हणून येतात आणि एकटी येत नाहीत. लिक्रातमध्ये दोघं जोडीने जातात, सेंट लुईसमध्ये तीन-चार जणांचा गट असतो. त्यात एकीच्या घरी दूध आणि मांस यांची भांडी वेगळी, तर दुसऱ्याला काहीही चालतं. एक शनिवारी फोनला हात लावत नाही, दुसरा फुटबॉल खेळायला जातो. मग खरा ज्यू कोणता, हे वर्गाला ठरवता येत नाही. माझ्या मते तासाभराची सगळी कमाई एवढ्या गोंधळात आहे.

आपल्याकडे ज्यूंचा विषय निघाला की आपण छाती फुगवतो: कोकणात बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं सुखाने राहिले, कुणी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. खरं आहे. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, कारण त्यांचे घाणे शनिवारी बंद असत. पण ते का बंद असत, हे किती जणांनी विचारलं असेल? आपला सलोखा बराचसा न विचारण्यावर उभा होता. न विचारणंही कधी कधी सौजन्य असतं, हे मान्य. तरी त्याला ओळख म्हणता येत नाही.

विचारण्याचं दुसरं टोकही याच समाजाने पाहिलं. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असं तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं. मराठी बोलणारी ही माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली आणि १९६४मध्ये त्या नियमातून त्यांचं नाव काढावं लागलं. तिथे विचारणारे परके नव्हते, स्वधर्मीयच होते. पण तो प्रश्न ओळख करून घेण्यासाठी नव्हता, पुरावा मागण्यासाठी होता. पंधरा वर्षांच्या मुलालाही यातला फरक आवाजावरून कळतो.

पाहुणी मुलं तास संपला की आपल्या शाळेत परत जातात. त्याच वर्गात एखादं ज्यू मूल असेल, आणि त्याने आजवर ते कुणाला सांगितलं नसेल, तर ते मात्र तिथेच बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी धड्यात ज्यूंचा विषय आला की बाईंची नजर त्याच्या बाकाकडे वळता कामा नये. त्याला बोलावंसं वाटलं तर ते बोलेल. नाही वाटलं, तर त्याला गणिताच्या गृहपाठाबद्दल विचारावं.