इशारा आणि निंदा

ज्याच्या छळाचा अनुभव अनेकींनी घेतला आहे, त्याच्याविषयी नव्याने आलेल्या मुलीला आधीच सांगणे ही चहाडी की कर्तव्य? वाणीच्या नीतीतला हा जुनाच प्रश्न सॉफ्टवेअरच्या धंद्यात तीव्र होतो, कारण इथे नोकरी बहुधा कुणाच्या तरी शब्दावर मिळते. कोणापासून जपून राहायचे, ही माहितीही ओळखीच्याच वाटेने फिरते. मराठवाड्यातल्या खेड्यातून छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकून चिकलठाण्यात किंवा हिंजवडीत रुजू झालेल्या मुलीची तिथे कुणाशी ओळख नसते. म्हणून जिला इशाऱ्याची सर्वाधिक गरज, तिच्यापर्यंतच तो पोहोचत नाही.

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला एक जवळचा संदर्भ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद नावाने ओळखले गेले. त्याचा परिसर नागसेनवन. ही नावे ज्या 'मिलिंदपञ्ह' ग्रंथातली, त्यात मिलिंद राजा नेमकी हीच अडचण मांडतो: तथागत बुद्धांची वाणी निर्दोष, मग ब्रह्मचर्य मोडलेल्या सुदिन्न भिक्षूला त्यांनी कठोर शब्द कसे वापरले? भिक्षू नागसेनाचे उत्तर असे, की ते शब्द द्वेषातून आले नव्हते, सुदिन्नाने जे केले तेच त्यांत होते, आणि कडवट औषधासारखे ते हिताचे होते.

भिक्षुसंघाचे नियम सांगणारे विनयपिटक याहून पुढे जाते. भिक्षूवर निराधार गंभीर आरोप करणे हा तिथे मोठा दोष आहे. खरा असलेला गंभीर अपराधही बाहेरच्या माणसाला सांगायला भिक्षूला मनाई आहे, पण संघाची संमती असेल तर सांगता येतो. संघाचे नेतृत्व बळकावू पाहणाऱ्या देवदत्ताच्या बाबतीत तर संघाने ठराव करून राजगृहात जाहीर केले, की यापुढे तो जे करील किंवा बोलेल ते त्याचे एकट्याचे, संघाचे नव्हे. ही घोषणा करण्याचे काम बुद्धांचा शिष्य सारिपुत्त याच्याकडे आले तेव्हा तो अडखळला. त्याच नगरात त्याने पूर्वी देवदत्ताची स्तुती केली होती. तेव्हाची स्तुती खरी होती, तशीच आताची घोषणाही खरी, असे बुद्धांनी त्याला समजावले. कर्तबगार सहकाऱ्याविषयी बोलताना आजही लोक इथेच अडखळतात. त्याचे कौशल्य खरे असते, म्हणून त्याचा गुन्हा खोटा ठरत नाही.

भारतीय कायद्याची रचना याच्याशी जुळते. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. कलम 16 तक्रार आणि चौकशीचा तपशील जाहीर करू देत नाही. मात्र पीडिता व साक्षीदारांची ओळख न उघडता, मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम 356 देखील ऐकणाऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेल्या इशाऱ्याला बदनामी मानत नाही.

तरीही दोषी ठरलेला माणूस 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा देऊन दुसऱ्या शहरात जातो आणि कंपनी गप्प राहते, तेव्हा सांगण्याचा सारा भार सोसलेल्या बाईवर पडतो. तिने कुजबुजावे आणि बदनामीचा खटलाही तिनेच झेलावा, हा अन्याय आहे. ठराव संघाने करायचा असतो आणि घोषणाही संघानेच.