सोय जाणे तो सोयरा

माणसाला एक रात्र सुखानं काढायला नेमकं काय काय लागतं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे, असं कॉलेजात असताना ऐकलं होतं. मी कॉमर्सचा. आमच्या वाट्याला तत्त्वज्ञान आलं ते घसाऱ्याच्या प्रकरणापुरतं. जगातली प्रत्येक वस्तू दरसाल दहा टक्क्यांनी मरत असते, एवढंच आम्ही शिकलो. अथेन्समध्ये डायोजेनिस नावाचा एक गृहस्थ मोठ्या रांजणात राहत असे. पाणी प्यायला त्याच्याजवळ एक वाटी होती. पुढं एका पोराला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं तीही फेकून दिली, अशी कथा आहे. रांजणात लाईट नाही, पंखा नाही, अशी तक्रार त्यानं केल्याचं कुठं नमूद नाही. पण डायोजेनिसला साडू नव्हता.

मला आहे. पुण्याला असतो. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हातात आल्यावर शहाणी माणसं मुदत ठेवीत टाकतात. यानं एक जुनी बारा सीटची गाडी घेतली, आतली बाकडी उपटली आणि गॅरेजवाल्याच्या मागं लागून तिचं घर करून घेतलं. चार जणांचे बिछाने, गॅसची शेगडी, टीचभर फ्रिज, साठ लिटरची पाण्याची टाकी आणि एक बॅटरी. जनरेटर मात्र नाही. "साडूभाऊ, जनरेटर म्हणजे निसर्गाच्या कानाशी पिठाची गिरणी! आपण प्लग न लावता राहायचं. स्वावलंबन!" सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलं होतं, तेव्हा आपण आता धोरणात बसतो, असंही त्यानं सांगितलं. मी आयुष्यभर कुठल्याच धोरणात बसलेलो नाही. गाडीत बसलो.

खरं सांगायचं तर, चाकांवर किंवा तंबूत संसार थाटण्यात आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पुण्याच्या माणसानं काही शिकवायची गरज नाही. औरंगजेब १६८१ साली उत्तरेतून निघाला तो दिल्लीला परत गेलाच नाही. पंचवीस वर्षं छावण्या हलवत राहिला आणि १७०७ मध्ये नगरजवळ, भिंगारलाच त्याचा शेवट झाला. एवढा मोठा फिरता मुक्काम पुन्हा कुणी केला नसेल. पण तो सुखात झोपला असेल असं मला वाटत नाही. दुसरं उदाहरण मेहेरबाबांच्या निळ्या बसचं. १९३८ च्या सुमारास ही बस शिष्यमंडळींना घेऊन हिंदुस्थानभर हिंडली. पुढं तिची केबिन नगरजवळच्या मेहेराझादला उभी केली आणि १९४९ साली बाबांनी तिच्यात चाळीस दिवस एकांतवास केला. बाबांचं १९२५ पासून मौन होतं. बिनसोयीच्या गाडीत राहणाऱ्यानं पाळावा असा तो उत्तम नियम आहे, हे मला त्या रात्री फार उशिरा कळलं.

बेत भंडारदऱ्याचा होता. जानेवारी महिना, थंडी मजबूत. मी, सौ., साडू आणि मेव्हणी. राहुरी सोडली, कोल्हारहून लोणीकडं वळलो आणि गळितातल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं लागलो. ज्या मुलखात सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप १९५० साली झालं, त्या मुलखात जानेवारीत घाईनं प्रवास करू नये. साडेसहालाच अंधारून आलं. तिथल्या एका बागायतदाराशी माझी बँकेतली ओळख. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मळ्यात विहिरीजवळ लावा की गाडी. जागा मोकळीच आहे." आणि तो गावातल्या घरी झोपायला गेला.

जागा खरोखर छान होती. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला अर्धा तुटलेला फड आणि त्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या पाचसहा कोप्या. आता साडूची शिकवणी सुरू झाली आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. गाडी सपाटीला उभी करायची, नाहीतर रात्रभर रक्त डोक्यात उतरतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्याच, कितीही थंडी असो. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात तांब्याभर तरी पाणी निघतं, ते काचेवर जमतं आणि पहाटे गळ्यावर ठिबकतं. शेगडी पेटती ठेवून ऊब घ्यायची नाही. बंद जागेत त्या धुरानं झोपलेला माणूस उठतच नाही. ऊब पाहिजे तर अंगावरचं पांघरूण वाढवण्यापेक्षा गादीखाली घोंगडी घालायची, कारण थंडी खालून येते. हे शेवटचं माझी आजी सांगायची, पण आजीनं गाडी घेतली नव्हती म्हणून तेव्हा कुणी ऐकलं नाही.

बॅटरीचं प्रकरण मात्र मी माझ्याकडं घेतलं, कारण ते सरळसरळ बचत खातं होतं. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची. म्हणजे शिल्लक बाराशे वॅट-तास. पण या जातीची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं; म्हणजे किमान शिल्लक सहाशे. उरले सहाशे खर्चायला. मी वहीच्या पाठीमागं मांडलं: फ्रिज ३००, दिवे ८०, पाण्याचा पंप १०, चार मोबाईल प्रत्येकी १५ प्रमाणे ६०. एकूण नावे ४५०. सकाळी शिल्लक १५०. ताळा जुळला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्या झटक्यात ताळा जुळण्याची ही माझी तिसरी वेळ असावी.

साडेआठच्या सुमारास दारावर टकटक झाली. दार उघडलं तर कोप्यांकडचा बारातेरा वर्षांचा पोरगा. कानाला मफलर, हातात मोबाईल. "ओ सायेब..." एवढंच तो म्हणाला.

आणि मी म्हणालो, "बॅटरी डाऊन आहे रे."

तो जरा वेळ उभा राहिला. "समदीच?" म्हणाला.

"समदीच," मी म्हणालो. तो गेला.

वाचकहो, हे मी विचार करून बोललो नाही. ते तोंडातून निघालं. काउंटरच्या अलीकडं बसणाऱ्या माणसाच्या घशात एक वाक्य घर करून असतं. पूर्वी ते "साहेब जागेवर नाहीत" असं होतं, मग "उद्या या" झालं, मग "सिस्टीम डाऊन आहे" झालं. समोरचा तोंड उघडतो तेवढ्यात ते बाहेर पडतं. सिस्टीम कधीकधी खरोखर डाऊन असते हे कबूल. पण कधीकधी ती आमच्या सोयीनं डाऊन असते, हे कधीतरी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहितो. दार लावल्यावर साडू म्हणाला, "बरं केलंत. एकाला दिलं की दहा येतात." मी वहीकडं पाहिलं. शिल्लक १५०. एका मोबाईलला १५. दहा आले असते तरी ताळा जुळला असता.

आम्ही जेवलो, दिवा लावून रमी खेळलो आणि झोपलो. साडेअकराला सौ.नं मला हलवलं. "अहो, पाऊस पडतोय का?" जानेवारीत? मी कान दिला. खालून पाण्याचा आवाज येत होता. बॅटरी घेऊन (ही हातातली, ती नव्हे) खाली पाय टाकला तो घोट्यापर्यंत काळ्या मातीत गेला. शेतीला वीज रात्रीची; मोटारीला ऑटो बसवलेला. वीज आली, मोटार आपोआप सुरू झाली आणि आमची गाडी ज्या सपाटीला साडूनं मोठ्या अभ्यासानं उभी केली होती, ती पाणी भरायच्या वाफ्याची सपाटी होती. मागची दोन चाकं रुतून गाडीनं बूड टेकलं होतं. बागायतदार फोन उचलेना. शहाणा माणूस, रात्री फोन बंद ठेवून झोपत असावा.

साडू आणि मी पायजमे खोचून चाकांखाली पाचट कोंबत होतो, तेवढ्यात बांधावरून एक उजेड हलत हलत आला. तोच पोरगा आणि त्याचा बाप. पोराच्या हातात उन्हावर चार्ज होणारा दिवा.

बाप म्हणाला, "यानं सांगितलं, पाव्हण्यांची बॅटरी समदी डाऊन हाय. म्हणलं अंधारात काय करत्याल? दिवा द्यावा नेऊन."

त्याच क्षणी गाडीच्या सगळ्या खिडक्या झगझगीत उजळलेल्या होत्या. आतून सौ.नं ते ऐकलं असावं, कारण पटापट एकेक दिवा मालवला. छत्तीस गुण जुळवून केलेलं लग्न कुठं कामी येईल सांगता येत नाही. गाडीत काळोख झाला. त्या काळोखात फ्रिज घूं घूं करत राहिला. तो मालवायची कुणाला बुद्धी झाली नाही.

पोरानं फ्रिजच्या आवाजाकडं कान दिला, माझ्याकडं पाहिलं आणि दिवा माझ्या हातात दिला.

"मघा काय सांगायला आला होतास?" मी विचारलं.

"हेच की. हितं रातीला पाणी येतं. काल आमची चूल भिजली."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमीच म्हणलं बॅटरी डाऊन हाय. मला वाटलं गाडी चालूच व्हत नाय. मग सांगून काय करायचं?"

मोबाईल त्यानं रस्ता दिसावा म्हणून हातात धरला होता. चार्जिंगचं म्हणाल तर कोपीवर त्यांची सोलरची पाटी होती. दिवसा सगळ्यांचे फोन त्यावर भरत. सहा महिने उघड्यावर संसार करणाऱ्याला ही विद्या आमच्याआधी येणारच. बाप मात्र माझ्याकडं निरखून पाहत होता. "सायेब, तुम्ही पाथर्डीला ब्यांकेत व्हते का?" होतो, तीन वर्षं. "तरीच. म्हणलं आवाज वळखीचा वाटतोय."

आवाजच. चेहरा नव्हे.

रात्री तर ट्रॅक्टर मिळणार नव्हता. पहाटे टोळी तोडीला उठेल, ट्रॉली भरायला ट्रॅक्टर येईल, तो ओढून काढेल, असं ठरलं. ते दोघं गेले आणि आम्ही तिरप्या गाडीत, रक्त डोक्यात उतरू देत, पडून राहिलो. झोप येईना म्हणून साडूनं वाद काढला. त्याचं म्हणणं, यात पाप कसलं? पोरानं काही मागितलं नाही, म्हणजे आपण काही नाकारलं नाही. उलट त्यांचं काही गेलं नाही, गेलं ते आपलंच. हिशेबानं त्याचं बरोबर होतं. कुठल्याही ऑडिटरनं ते पास केलं असतं. पण ऑडिटरनं पास केलेल्या गोष्टींवरच माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मी म्हणालो, चार्जिंग नाकारल्याचं मला काही वाटत नाही. मी ऐकायचं नाकारलं. आपल्याकडं म्हणतात, सोय जाणे तो सोयरा. पण दुसऱ्याची सोय जाणायची म्हणजे आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं, आणि त्याला एक वॅटसुद्धा खर्च येत नाही. या रात्रीची सगळी सोय आम्ही बरोबर आणली होती. फ्रिज, घोंगडी, बोटभर उघडी खिडकी. सोयरा मात्र दारात येऊन परत गेला. साडू म्हणाला, "तुम्ही आता कीर्तन सुरू करू नका. आणि खरं सांगू? त्यांना तरी कुठं माहीत होतं आपण खोटं बोलतोय ते?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "फ्रिज बंद करायला पाहिजे होता."

तो अजूनही त्या प्रसंगाची चूक फ्रिजमध्येच आहे असं मानतो. मेव्हणी म्हणते, चूक पुण्याहून निघण्यात होती. दोन्ही मतांना आधार आहे.

साडेतीनला कोप्यांसमोर चुली पेटल्या. बायका भाकरी बडवू लागल्या. चारला कोयते घेऊन टोळी फडात उतरली. थंडी अशी, की आमच्या चौघांचे दात वाजत होते, आणि ती माणसं दवानं भिजलेल्या उसाला हात घालत होती. आमच्यासाठी बिनसोयीची रात्र ही हौस होती. रविवारी संध्याकाळी तिची मुदत संपणार होती. त्यांची मुदत मुकादमाची उचल फिटेपर्यंत. हे मी आत्ता लिहितोय तसं तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त ट्रॅक्टरची वाट पाहत होतो.

तो सहाला आला, साखळी लावली आणि दोन हिसक्यांत गाडी बाहेर. ड्रायव्हरनं पाचशे रुपये घेतले. मला फार बरं वाटलं. पाचशे म्हणजे व्यवहार झाला, खातं बंद. पोराच्या बापालाही पाचशेची नोट पुढं केली. त्यानं मोळी बांधता बांधता मान हलवली. "राहू द्या. पाथर्डीला काम पडलं तर बघा." त्याला सांगायला हवं होतं की माझी बदली होऊन सहा वर्षं झाली. मी म्हणालो, "बघतो." हेही काउंटरवरचंच वाक्य.

भंडारदऱ्याला जाऊन आलो. धरण पाहिलं, फोटो काढले. परतताना सौ.ला गाडीत सीटखाली तो दिवा सापडला. काळोखात मीच आत टाकला असणार. आमची परतीची वाट दुसरी होती आणि सोमवारी मला ड्यूटी.

पुढच्या रविवारी एस.टी.नं गेलो. फड मोकळा झाला होता. कोप्यांच्या जागी चुलीचे दगड आणि पाचटाची राख होती. बागायतदार म्हणाला, "ट्रॅक्टरवरची टोळी, कुठं थांबते? पुढच्या फडावर गेली." कारखान्याच्या स्लिपबॉयला विचारलं. त्यानं विचारलं, "नाव काय त्यांचं?" मी नाव विचारलंच नव्हतं. "मुकादम कोण?" तेही नाही.

"मग कसं सापडायचं?" तो म्हणाला. वर सौजन्यानं त्यानं मोबाईलवर यादी उघडून पाहिली, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाला, "रेंज नाही. उद्या या."

दिवा आमच्या गॅलरीत आहे. दिवसा ऊन लागतं, रात्री तो पेटतो. सौ. म्हणते, कुणाला तरी देऊन टाका. पाथर्डी शाखेतल्या माझ्या जागेवरच्या पोराला मी फोन करून ठेवलाय: अमुक वयाचा, ऊसतोडीचा माणूस, बरोबर मफलरवाला पोरगा, आला तर मला कळव. तो म्हणाला, "काका, असे रोज पन्नास येतात."

"मग प्रत्येकाला विचार," मी म्हणालो. "आणि त्याचं बोलणं होईपर्यंत सिस्टीम डाऊन आहे म्हणू नकोस."

"पण ती डाऊनच आहे, काका," तो म्हणाला. "सकाळपासून."