अधिकार कोणाचा पाहावा?

परमार्थात 'अधिकार' हा शब्द फार जुना आहे. ज्याची जेवढी समज, त्याला तेवढे सांगावे, असे शास्त्राचे म्हणणे. दात न आलेल्या लेकराला आई भाकरी देत नाही, पेज भरविते. येथवर कोणाचा वाद नाही. परंतु याच शब्दाच्या आड उभे राहून पुष्कळांनी विद्येचे दार लावून घेतले, हेही खोटे नाही. तेव्हा समजेप्रमाणे सांगणे कोठे संपते आणि फसविणे कोठे सुरू होते, हे पाहिले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड म्हणून गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू काय, मुसलमान काय, दोघेही तेथे माथा टेकतात. टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात. त्यांची कथा अशी की, व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या नारळांचे नि मालाचे दगड झाले. ते शरण आले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. मग ते सेवेलाच राहिले.

आता समजा, एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "महाराज, हे गोटे खरंच नारळ होते का जी?" काय सांगावे? कोणी म्हणेल, अडाणी माणूस, 'होय' म्हणावे नि मोकळे व्हावे. आम्ही म्हणतो, नाही. कॉलेजातल्या मुलास सांगाल की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवाला, त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत झिओलाइटसारखी खनिजे भरली. तेच शेतकऱ्याला सांगता येते. "बाबा, ही जमीन एकदा रटरटत होती. निवताना तिच्यात बुडबुडे राहिले. विहिरीच्या जड पाण्याचा हंड्याला थर बसतो ना? तसा त्या पोकळीत थर बसत गेला. वरचा खडक झिजला, त्याची तुमची काळी माती झाली; टणक गोटा तेवढा उरला. कथा मात्र दगडाची नव्हे, जिभेची आहे. फकिराला हसू नये, आणि शरण आलेल्याला क्षमा करावी, एवढे ती सांगते." यात खोटे काय आले? श्रद्धा तरी कोठे मोडली?

शास्त्रात अरुंधती-न्याय आहे. अरुंधतीची चांदणी बारीक. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवून 'हीच ती' म्हणतात; नजर तेथे ठरली की, 'ही नव्हे, तिच्याजवळची' असे सांगतात. पहिले बोलणे सोयीचे असते, परंतु गुरू तेथे थांबत नाही. जो पहिल्याच ताऱ्यावर शिष्याला सोडून घरी जातो, त्याने शिकविले नाही, ठकविले. छांदोग्यात उद्दालकाने श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावले, पाण्यात मीठ टाकून चाखायला लावले. दृष्टांत घरचे घेतले, पण नेले ते थेट ब्रह्मापर्यंत.

म्हणून कसोटी एकच. आज सांगितलेले उद्या वाढविता यावे, फेकून द्यावे लागू नये. भांडे पाहून पाणी ओतावे, पण पाणी त्याच विहिरीचे असावे. आणि ऐकणाऱ्याने आणखी मागितले, तर 'तुझा अधिकार नाही' म्हणू नये. ज्याने पुढचा प्रश्न केला, त्याचा पुढचा अधिकार त्या प्रश्नानेच सिद्ध झाला. तो जातीवरून, वयावरून, धोतराच्या मळावरून ठरत नाही.

ज्ञानोबारायांनी १२९० साली गीता मराठीत सांगितली, तेव्हा अर्थ खाली उतरविला नाही, पायऱ्या बांधल्या. त्या पायऱ्या बांधण्याचे कष्ट आम्हां सांगणाऱ्यांना नको असतात, म्हणून आम्ही समोरच्याला अनधिकारी ठरवितो. सज्जनहो, सोपे करून सांगता येत नसेल, तर अधिकार आधी सांगणाऱ्याचाच तपासावा.