सक्तीचें आतिथ्य

अतिथीला देव मानण्याची शिकवण आपल्याकडे घरोघर आहे. परंतु जो अतिथि आपण बोलाविलेला नाहीं, ज्याच्या मुक्कामास मुदत नाहीं, आणि ज्याला दारांतून परत लावल्यास सरकार जाब विचारील, त्याला ठेवून घेण्यांत पुण्य तें कितीसें? इंग्लंडच्या आग्नेय टोकास असलेल्या केंट परगण्यांतील गृहस्थांवर या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी १९३९ च्या सप्टेंबरांत आली.

युद्ध पुकारलें जाण्याच्या दोन दिवस आधीं, १ सप्टेंबर रोजीं, मोठ्या शहरांतून मुलें हलविण्यास प्रारंभ झाला. अवघ्या कांहीं दिवसांत सुमारें १५ लक्ष माणसें, त्यांत बहुतेक शाळकरी मुलें आणि लहानग्यांसह आलेल्या आया, खेड्यापाड्यांत येऊन उतरलीं. लंडनचीं पुष्कळ मुलें केंटच्या वांट्यास आलीं. खांद्याला विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्याची पेटी, कोटाला नांवाची चिठ्ठी. एकच मूल ठेवल्यास यजमानास आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत. अधिक मुलें ठेवल्यास दर मुलामागें ८ शिलिंग ६ पेन्स.

अनेक गांवीं या मुलांना सभागृहांत बसवीत, आणि यजमान येऊन आपल्या पसंतीचें मूल घेऊन जात. नीटनेटकी, गोड चेहऱ्याची मुलगी प्रथम जाई. शेतकऱ्याची नजर थोराड मुलाच्या दंडांवर असे. एकमेकांचा हात न सोडणारीं भावंडें, मळकट कपड्यांचें पोर, हीं मागें राहत. निवडणारीं माणसें दुष्ट नव्हतीं. तीं आपण होऊन आलेलीं, उदार माणसें होतीं. पण सद्भावनेनें केलेली निवड ही देखील निवडच, आणि जें निवडलें गेलें नाहीं त्या पोराला ती सद्भावना कोठून दिसावी? शेवटीं तिन्हीसांजेला अधिकारी उरलेल्या मुलांना घेऊन घरोघर हिंडे. नकार देणाऱ्यास कायद्याची आठवण देण्याचा अधिकार त्याच्यापाशीं होता, आणि त्याच्या बळावर कांहींना छप्पर मिळालें.

कांट म्हणेल, शिक्षेच्या भयानें घडलेलें कृत्य कायद्याला धरून असेल, पण त्याला नैतिक मोल नाहीं. तर्काला हें पटतें. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्या सभागृहांतील शेवटचें मूल हलत नाहीं. उदारतेनें जें मागें ठेवलें, तें सक्तीनें उचललें. यजमानाच्या मनाचें मोजमाप करावयाचें तर कांट बरोबर. मुलाच्या बाजूनें पाहूं गेल्यास त्याचें उत्तर अपुरें पडतें. शिवाय सक्तीची धांव उंबरठ्यापर्यंतच. भिजलेलें अंथरूण न रागावतां धुणें (अशा अंथरुणांच्या तक्रारींना त्या हिंवाळ्यांत नुसता ऊत आला होता), केंसांतील उवा काढणें, आईच्या आठवणीनें रडणाऱ्या मुलापाशीं रात्रीं बसणें, हें कोणत्या कायद्यानें करवावें? १९४० च्या ८ जानेवारीपासून लोणी शिधापत्रिकेवर मिळूं लागलें, तेव्हां पाहुण्या मुलाच्या नांवाचेंही आठवड्याचें ४ औंस लोणी घरांत येई. तें त्याच्याच पावाला लागतें कीं घरच्या मुलाच्या, हें पाहावयास कोणी अंमलदार स्वयंपाकघरांत येत नसे. कित्येक घरीं तें त्याच्याच पावाला लागलें. कित्येक घरीं पोर फुकटचा गडी ठरलें. कायद्याच्या दप्तरीं दोन्ही घरें सारखींच.

हवाई हल्ले लगेच न झाल्यामुळें बरींच मुलें नाताळापर्यंत आपापल्या घरीं परतलीं होतीं. पुढें १९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्य फ्रान्समध्यें घुसलें, आणि ज्या केंटनें इतरांच्या मुलांना आसरा दिला त्याचाच किनारा शत्रूच्या टप्प्यांत आला. जूनच्या आरंभीं डोव्हर, फोकस्टन येथील मुलांना आगगाडीनें दक्षिण वेल्समध्यें धाडण्यांत आलें. आदल्या वर्षीं परक्या मुलांच्या रांगेवरून नजर फिरविणारी एखादी गृहिणी आतां आपल्याच मुलाच्या कोटाला चिठ्ठी बांधीत असेल. तिनें त्या सकाळीं त्याचे केंस जरा अधिकच नीट विंचरले असतील.