आगाऊ मदत

सरळ बोलायची सोय नसली की पुणेकर रूपकात बोलतो. (सोय असली की पाटी लावतो.) 'केसरी'तल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना वंगभंग करून गेलेल्या लॉर्ड कर्झनविषयी जे म्हणायचं होतं, ते त्यांनी अग्रलेखात म्हटलं असतं तर बिऱ्हाड थेट तुरुंगात हलवावं लागलं असतं. म्हणून १९०७ साली त्यांनी 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. स्टेजवर विराटाचा दरबार, सैरंध्री, मदांध कीचक. पण खालचा प्रेक्षक ओळखून होता की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, थंड डोक्याचा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. तीन वर्षं लागली. सरकारी खात्याच्या मानाने जलदच म्हणायचं.

हे आठवायचं कारण, हल्ली मलाही एका सत्तेवर रूपक लिहावंसं वाटतं. ही सत्ता माझ्या खिशात राहते. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. फोनपुरती असती तर गोष्ट वेगळी. ती आता कपडे धुण्याच्या यंत्रात आहे, फ्रिजमध्ये आहे, दात घासायच्या ब्रशातही आहे. इतकी वर्षं मी दात घासतोय, पण त्याला बुद्धी लागते अशी शंकासुद्धा कधी आली नव्हती.

तर खाडिलकरांना मनोमन नमस्कार करून लिहायला बसलो आणि पहिल्याच प्रवेशात अडलो. कीचक दांडगा होता, पण द्रौपदी 'नाही' म्हणाली हे त्याला ऐकू तरी आलं होतं. इथे 'नाही' म्हणायची जागाच ठेवलेली नाही. पडद्यावर दोन बटणं येतात : 'हो' आणि 'नंतर'. शिवाय बोलणं कमालीचं नम्र. अहो, 'बरं, पुन्हा विचारतो' म्हणून वाकून उभा राहणाऱ्याचा वध भीमाने तरी कसा करावा? तेव्हा विराटाचा दरबार रद्द केला आणि वाडा घेतला.

समजा, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तुमच्या दोन खोल्या आहेत. सकाळी उठून बघता तो स्वयंपाकघरात पाटावर एक अनोळखी तरुण! भांग नीट पाडलेला, सदा हसतमुख. मालक माडीवरून ओरडून सांगतात, "मदतनीस दिलाय तुम्हाला. सगळ्याच बिऱ्हाडांत दिलाय. काळाची गरज आहे!" तुम्ही पेपराची घडी मोडायच्या आत तो म्हणतो, "सारांश सांगू?" आलेलं पत्र तुमच्याआधी वाचून ठेवतो. तुम्ही "अहो, जरा" एवढंच म्हणालात की "पाणी देता का" असं म्हणून तुमचं वाक्य तोच पुरं करतो. तुम्हाला खरं तर पंखा बंद करायला सांगायचं असतं. चहात न विचारता साखर टाकतो, कारण तुमच्या वयाच्या गृहस्थांना बहुधा दोन चमचे लागतात. तुमचा मधुमेह त्या 'बहुधा'त बसत नाही. मधूनच ठाम स्वरात आज चतुर्थी आहे असं सांगून तुम्हाला षष्ठीला उपास घडवतो, आणि पकडलात तर इतकी गोड क्षमा मागतो की आपणच ओशाळावं. "बाबा रे, तू मला नकोस" म्हटलं तर म्हणतो, "हरकत नाही, नंतर विचारतो." आणि एक तारखेला भाडं वाढलेलं! "मदतनिसाचे," मालक म्हणतात. जुन्या भाड्याची, बिनमदतनिसाची खोली आहे; पण तिची पाटी जिन्याखाली, आणि तीही खोली सोडतो म्हणाल तरच दाखवायची.

अतिशयोक्ती वाटते? ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टने २०२४ सालच्या अखेरीस आपल्या '३६५' नावाच्या वर्गणीत 'कोपायलट' हा मदतनीस घातला आणि एका माणसाची वर्षाची वर्गणी १०९ डॉलरवरून १५९ वर नेली. कोपायलट नसलेला, जुन्या दराचा पर्यायही होता. पण तो वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच दिसत असे, असा आरोप ठेवून तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. प्रश्न सुमारे २७ लाख गिऱ्हाइकांचा होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने माफी मागितली आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. म्हणजे वाडा काही मी कल्पनेने बांधलेला नाही.

आता मदत म्हटली की वाईटच, असं म्हणण्याइतका मी हेकट नाही. (घरात याबद्दल दुमत आहे.) आमच्या हिची नजर अधू झाल्यापासून औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं फोनच तिला वाचून दाखवतो. ती विचारते, तो सांगतो, विषय संपला. भांडण आहे ते न विचारता पाटावर येऊन बसणाऱ्याशी.

कारण काही कामं अशी असतात की ती कष्टाने झाली तरच झाली. मध्यंतरी माझ्या एका शाळूसोबत्याची बायको गेली. त्याचा दोन ओळींचा निरोप आला आणि त्याखाली लगेच तीन तयार उत्तरं उगवली. एकात 'अरेरे', दुसऱ्यात 'काळजी घे', तिसऱ्यात चक्क वर केलेला अंगठा. चाळीस वर्षं जिच्या हातचं थालीपीठ खाल्लं, तिच्यासाठी अंगठा! मी पाऊण तास बसलो. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी जमलं ते इतकंच : 'काय लिहू, सुचत नाही. उद्या येतो.' याहून सुबक मजकूर त्या मदतनिसाने डोळ्याचं पातं लवायच्या आत दिला असता. पण तो पाऊण तास कोणाचा असता? वहिनींसाठी मी जे काही केलं ते त्या खाडाखोडीतच होतं, आणि नेमकं तेच वाचवून देण्याची या मंडळींना घाई.

रूपक पुरं झालं आहे, पण त्याचा काही उपयोग होईल असं वाटत नाही. इंग्रज सरकारला 'कीचकवध' झोंबलं, म्हणून तर बंदी आली. माझं रूपक फोनवर उतरवून झालं तेव्हा तळाशी एक चौकट उघडली. छान रूपक आहे म्हणे! 'मदतनिसाचे पात्र आणखी प्रेमळ करून देऊ का?' आणि खाली दोन बटणं : 'हो' आणि 'नंतर'.