भाव आणि थांबण्याचे बळ

शेतकऱ्याने आपला माल आपल्या हाताने गिऱ्हाइकास विकावा, म्हणजे खेड्यातील दारिद्र्य ओसरेल, असे आपल्याकडे वारंवार प्रतिपादिले जाते. महाराष्ट्रात फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला आणि शहरोशहरी शेतकरी आठवडे बाजारांचा गाजावाजा झाला. ह्या उपक्रमाची आर्थिक बाजू पुष्कळांनी मांडली आहे. आम्हांस त्यामागील नीतीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. योग्य भाव म्हणजे कोणता?

दोघांच्या राजीखुशीने ठरेल तो, असे उत्तर कोणीही देईल. परंतु राजीखुशीस नकार देण्याचे सामर्थ्य लागते. दिवस कलला की मेथीची जुडी माना टाकते. ती परत न्यावी तर गाडीभाडे अंगावर पडते आणि घरी तिचा उपयोग नाही. गिऱ्हाईक मात्र पुढच्या पालावर जावयास मोकळे असते. अशा वेळी मिळेल त्या दामाला दिलेल्या होकारास संमती म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. एकास थांबता येते व दुसऱ्यास येत नाही, तेथे घासाघीस ही बरोबरीच्यांची देवघेव राहत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, मग दलालास हाकलले की झाले. आम्हांस हे पटत नाही. दलाल अडत घेतो, प्रसंगी नाडतोही. पण मालास गिऱ्हाईक गाठून देणे, अडीअडचणीस उचल देणे, ही कामेही तोच करतो. तो गेला तरी ती कामे उरतातच. ती कोणी पत्करली नाहीत, तर शेतकरी बाईचा दिवस शेताऐवजी पालावर जाईल आणि नासाडीचा सारा भार तिच्याच माथी येईल.

आंध्र प्रदेशात १९९९ साली रयतु बाजार निघाले. त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै सुरू झाल्या. शेतकऱ्यास ओळखपत्र, बसावयास जागा, वजनकाटा आणि रोजच्या भावाचा फलक, अशी तेथील व्यवस्था. फलकावरील भाव दोघांसही दिसतो, म्हणून अज्ञानाचा फायदा कोणास घेता येत नाही. तथापि २००१ साली तमिळनाडूत सरकार बदलले आणि ह्या बाजारांकडे दुर्लक्ष झाले. २००६ नंतर त्यांस पुन्हा चालना मिळाली. कृपा म्हणून दिलेली सोय कृपावंताबरोबर जाते, हा त्यातील बोध आहे.

म्हणून गरीब गावासाठी बाजार भरविणाऱ्यांनी उद्घाटनापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : सायंकाळी न खपलेल्या मालाचे काय? सावली, थंड कोठार, उरलेला माल ठरल्या दराने उचलणारी सहकारी संस्था, ही त्याची उत्तरे होत. ती नसतील, तर जागा बदलली एवढेच म्हणता येईल. आणि आपण गिऱ्हाईक मंडळींनीही तिन्हीसांजेच्या स्वस्ताईस आपले चातुर्य समजू नये. तेथे वाचलेले दोन रुपये बहुधा दुसऱ्याच्या अगतिकतेतून आलेले असतात. योग्य दाम देणे हा दानधर्म नव्हे. ते केवळ देणे आहे.