बोअरची भिंत

कामठी, उमरेड, वर्धा खोरे: नागपूरच्या आसपास दगडी कोळसा आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. थर किती खोल आणि किती जाड, हे मात्र बोअर मारल्यावरच कळते. असे शोध घेणाऱ्या, १९७२ साली स्थापन झालेल्या एमईसीएल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. बोअरमधून कोअर, म्हणजे खडकाचा सलग दंडगोल, काढतात. पण कोळसा ठिसूळ, त्याचा चुरा होतो. म्हणून केबलला बांधून प्रोब खाली सोडतात. त्यातल्या सीझियम-१३७ मधून निघालेले गॅमा किरण खडकात विखुरतात. खडक जितका घन, तितके कमी किरण मोजणीयंत्रापर्यंत पोचतात. वालुकाश्माची घनता घनसेंटिमीटरला साधारण २.३ ते २.६ ग्रॅम, कोळशाची १.३ ते १.७; म्हणून आकडा उतरला की तिथे कोळसा धरतात.

घोटाळा होतो तो भिंतीपाशी. मऊ शेल खडक ढासळतो, खळगा पडतो, त्यात पाणी भरते. प्रोब भिंतीला नीट टेकत नाही आणि पाण्याची १ ही घनता खडकाच्या आकड्यात मिसळते. आकडा उतरतो. म्हणजे भिंत जिथे पडली, तिथे कागदावर कोळसा उगवतो! थराला लागूनच शेल असला, तर थर आहे त्याहून जाड दिसतो.

यावर १९६४ साली तेलविहिरींसाठी मांडलेला उपाय विलक्षण आहे. मोजणीयंत्रे दोन ठेवायची, एक किरणस्रोताजवळ, एक दूर. जवळच्याला खळगा जास्त बाधतो, दूरच्याला कमी. दोघेही चुकतात, पण सारखे चुकत नाहीत. त्यांच्यातल्या तफावतीवरूनच दुरुस्ती किती करायची ते ठरते. प्रोब आणि भिंत यांच्यातली फट किती रुंद, तिच्यात पाणी की चिखल, हे वेगळे ठाऊक असावे लागत नाही. अज्ञान कायम ठेवून त्याचा परिणाम तेवढा वजा करणे, ही युक्ती मला तत्त्वज्ञांच्या पंक्तीची वाटते.

पण फट मोठी झाली की दूरचे यंत्रही पाणीच पाहू लागते. मग दोघांचे एकमत होते, तेही चुकीच्या आकड्यावर, आणि दुरुस्ती शून्याकडे झुकते. अशा वेळी बोअरचा व्यास मोजणारा कॅलिपरच खरे सांगतो. कॅलिपरने मोठा खळगा दाखवला, तर तिथला घनतेचा आकडा, दुरुस्त केलेला असला तरी, साठ्याच्या हिशेबात धरू नये. लॉगवर, म्हणजे मोजणीच्या आलेखावर, दुरुस्तीची रेघही छापलेली असते. अहवाल हाती आला की आधी ती आणि कॅलिपर पाहा, घनता नंतर.